तोइवोच्या तोंडाची साक्षीदार

"घरी तुमचं तोंड कोण बघतं?" नर्स मारिविकनं विचारलं.

तोइवो रांतालाच्या डाव्या हातात दोन सुया होत्या, रक्त नळीतून यंत्रात जाऊन धुऊन परत येत होतं, आणि अजून पावणेतीन तास खुर्चीतून हलायची सोय नव्हती. नाहीतर त्यानं या प्रश्नाला उत्तरच दिलं नसतं.

"माझं तोंड बघण्यासारखं राहिलंय कुठं?"

"बाहेरून नाही हो, आतून! हिरड्या, जीभ, दात." मारिविकनं त्याच्या मांडीवर एक पिशवी ठेवली. मऊ ब्रश, लहानसा टॉर्च आणि एक छापील तक्ता. "डायलिसिसवर पाणी मोजून प्यायचं, त्यामुळे तोंड कोरडं पडतं. त्यात तुम्ही दिवसभर पेपरमिंट चघळता. हिरडी सडली तर जंतू रक्तात जातात, पार हृदयापर्यंत. म्हणून रोज तोंड तपासायचं आणि घरच्या माणसानं शेरा लिहून सही करायची. घरी कोण असतं?"

घरी कोणी नसायचं. बायको आयली जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी दूर कॅलगरी शहरात, ती रविवारी फोन करायची, तोही कपडे मशीनमधून काढता काढता. शुक्रवारी दुपारी थंडर बे शहराच्या या हॉस्पिटलातून तोइवो घरी गेला की तेवढा फोन सोडला तर सोमवारी सकाळपर्यंत बहुधा एक शब्द बोलायची वेळ येत नसे. सोमवारी पहिलं 'गुड मॉर्निंग' म्हणताना त्याचा आवाज फाटायचा.

हे सगळं सांगता आलं असतं. पण शेजारच्या खुर्चीतल्या स्टेला साकानीनं झोपेचं सोंग टाकून एक डोळा उघडला होता.

"आहे की," तोइवो म्हणाला. "एल्मा."

"कोण एल्मा?" स्टेलाचा दुसरा डोळाही उघडला. "तीन वर्षं शेजारी बसतोयस म्हाताऱ्या, कधी बोलला नाहीस!"

"तू विचारलंस कधी?"

मारिविकनं तक्त्यावर 'एल्मा' लिहिलं आणि ती पुढच्या खुर्चीकडे गेली.

तोइवोला वाटलं होतं, रकान्यात रोज 'ठीक' लिहिलं की झालं. पण त्यानं चौतीस वर्षं बंदरावरच्या कोठारात गव्हाची प्रतवारी लावली होती. मूठभर दाणे हातात घेतल्याशिवाय त्यानं कधी शेरा मारला नव्हता, आणि आता म्हातारपणी न बघता लिहिणं जमेना. तो न्हाणीघराच्या आरशासमोर टॉर्च धरून उभा राहिला, आ वासला आणि मग अक्षर डावीकडे कलतं काढून एल्माच्या वतीनं लिहिलं, "ब्रश एक मिनिट. मागच्या दाढा विसरला."

तिसऱ्या दिवशी एल्मा धीट झाली. "पेपरमिंट चार. मला दिसत नाही असं त्याला वाटतं."

पुढे, "जिभेवर पांढरा थर, ओल्या गव्हावर येतो तसा. घासायला लावली. कुरकुर केली."

आणि, "चूळ भरली. गिळायचा विचार होता, पण मी बघत होते."

हा शेरा मारिविकनं बुधवारी मोठ्यानं वाचला आणि अख्खा हॉल हसला. समोरच्या रांगेतला एक ट्रकवाला इतका हसला की त्याचं यंत्र ओरडायला लागलं. त्या दिवसापासून तोइवो आत आला की त्यानं कोट काढायच्या आधीच स्टेला हात पुढे करी.

"दे इकडे. काय म्हणते एल्मा?"

तोइवोनं एल्मासाठी निळं पेन आणलं. संध्याकाळी टॉर्च घेऊन आरशासमोर उभं राहताना, आज ही काय बोलते कोण जाणे, अशी उत्सुकता त्याला वाटू लागली.

पाचव्या आठवड्यात एल्मानं घात केला. "उजवीकडची खालची दाढ हलते. रक्त येतं. लपवतोय." लिहून झाल्यावर तोइवो त्या ओळीकडे बघत राहिला. खोडावी असं फार वाटलं. पण शेरा खरा होता.

सोमवारी मारिविकनं तोंडात डोकावून पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. "गुरुवारी दाताच्या डॉक्टरांकडे. आज नाही, यंत्रावर रक्त पातळ करायचं औषध देतो, आज दाढ काढली तर रक्त थांबायचं नाही. आणि एल्माला सोबत न्या. थांबा, मीच तिला फोन करते."

"ती सडबरीला गेलीय," तोइवो घाईनं म्हणाला. "बहिणीकडे."

"मग तिथला नंबर द्या."

"बहिणीकडे फोन नाही."

"सडबरीसारख्या शहरात?" स्टेला म्हणाली. "आमच्या गावाला रस्ता नाही, विमानानं जावं लागतं, तरी फोन आहे!"

"मोबाइल असेल ना एल्माचा?" मारिविकनं खिशातून पेन काढलं.

सगळीकडून कोंडी झाली. तोइवोनं छताकडे पाहिलं आणि म्हणाला, "ती मला सोडून गेली."

मारिविकनं पेन परत खिशात ठेवलं.

त्याला वाटलं, आता लोक हळहळतील आणि विषय मिटेल. बुधवारी तो आला तेव्हा त्याच्या खुर्चीवर केळ्याचा केक होता. केळं डायलिसिसवाल्याला वर्ज्य, म्हणून तो चक्रावला. "तुझ्यासाठी नाही तो," ट्रकवाला गुरगुरला. "माझ्या बायकोनं एल्मासाठी दिलाय. जा आणि माफी माग."

"मी काय केलं?"

"काहीतरी केलंच असणार!" स्टेला कडाडली. तिचे डोळे सुजले होते. "अशी बाई कुणाला मिळते का? रोज तुझ्या जिभेचा रंग लिहून ठेवणारी! माझी आई गेल्यापासून माझ्या जिभेकडे कुणी बघितलेलं नाही." आणि तिनं उरलेले साडेतीन तास भिंतीकडे तोंड केलं.

गुरुवारी दवाखान्याच्या दारात स्टेला उभी होती, टोपीवर बर्फ साठलेलं.

"तुझ्यासाठी नाही आले. एल्मा असती तर आली असती, म्हणून आले."

दाढ निघाली. बाहेरच्या बाकावर तोइवो तोंडात कापसाचा बोळा घेऊन बसला. दुखणं सहन होत होतं, शेजारची गप्पगप्प स्टेला सहन होईना.

"एम्मा नव्हफीफ," तो म्हणाला.

"कळलं रे, गेली ती."

"नव्हफीफ! कधीफ!"

स्टेलाला तीन वेळा विचारावं लागलं. मग ती हळूहळू त्याच्याकडे वळली. "शेरे?"

"मी."

"ते वाकडं अक्षर?"

"मीफ."

"म्हणजे मी तीन दिवस एका नसलेल्या बाईसाठी रडले?" तिनं हातमोज्यानं त्याच्या खांद्यावर फटका मारला. उजव्या, डाव्या हाताला सुया लागतात हे रागातही तिच्या लक्षात होतं. मग तिनं हातमोजे काढून मांडीवर ठेवले. यंत्रासाठी गाव सोडून ती सहा वर्षांपूर्वी या शहरात आली होती, भाड्याच्या एका खोलीत राहत होती. "वाईट झालं," ती म्हणाली. "या शहरात मला आवडणारी तेवढी एकच बाई होती."

शुक्रवारी तोइवोनं मारिविकला सगळं सांगितलं. ती तक्ते हातात घेऊन उभी राहिली.

"म्हणजे हे सगळं खोटं?"

"सही खोटी. शेरे खरे."

"पण साक्षीदार तर हवाच ना, मिस्टर रांताला. आता कोणाचं नाव लिहू?"

"इकडे दे ते," स्टेला म्हणाली. तिनं मोकळ्या हातानं टॉर्च घेतला आणि सुया लागलेला हात न हलवता तोइवोकडे वाकली. "उघड. अजून. आमच्याकडचा मासासुद्धा यापेक्षा मोठा उघडतो!" तिनं नीट पाहिलं आणि लिहायला घेतलं. त्रिकोण, हुकासारखी वळणं, टिंबं. तिच्या आदिवासी भाषेची लिपी. रकाना भरला, मग समास भरला, मग ती कागदाच्या पाठीमागे गेली.

"एवढं काय आहे माझ्या तोंडात?"

"बरंच आहे."

शनिवार-रविवार तो कागद स्वयंपाकघराच्या टेबलावर होता. तोइवोनं तो उलटा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला. ब्रश मात्र दोन्ही दिवस दोन-दोन मिनिटं केला, कारण त्यात काय ठपका आहे हे कळायला मार्ग नव्हता.

सोमवारी त्यानं विचारलं.

"पहिल्या ओळीत आहे, जखम बरी आहे, पण डावीकडे घासत नाही," स्टेला म्हणाली.

"आणि बाकीचं?"

ती नळीतल्या रक्ताकडे बघू लागली. "बाकीचं तुझ्या तोंडाचं नाही. आमच्या तळ्यावर या दिवसांत जाळी टाकतात, ते लिहिलंय. भाचीला मुलगी झाली, आठ महिन्यांची झाली, मी अजून बघितली नाही. तिचं नाव लिहिलंय. असंच सगळं. इथं ते वाचणारं कुणी नाही, म्हणून लिहायला बरं वाटतं." तिनं आवाज खाली आणला. "मारिविकला सांगू नकोस."

"नाही सांगत," तोइवो म्हणाला.

बुधवारी त्यानं पुढच्या आठवड्याचा तक्ता आणला. ब्रशचा आणि चुळीचा रकाना त्यानं पट्टी लावून एका बोटाएवढा करून टाकला होता. बाकी अख्खं पान शेऱ्यासाठी मोकळं सोडलं होतं.