माळ्यावरची वाटी

लग्न जमवताना घर कॉम्प्युटरच्या कोणत्या भाषेत चालतं हे पत्रिकेआधी बघतात, आणि शाल्मली तगारेच्या बाबतीतही ते रीतसर बघून झालं होतं.

"रुबीचं स्थळ नको," मामा म्हणाले होते. "तिथे कुणीही उठतं आणि आजीची मूळ कृतीच बदलतं. दुपारनंतर सगळ्या घराची आमटी वेगळी. सी प्लस प्लसवाले चपळ, पण प्रत्येक गोष्ट आपल्या हाताने निस्तरायची. जावा बरी. जरा पाल्हाळ आहे, पण शिस्तीची."

म्हणून पायथनमध्ये वाढलेली शाल्मली नाशिकला उकिडव्यांच्या जावा घरात आली.

माहेरी डब्यांवर चिठ्ठ्या नसत. डबा हलवायचा, चिवड्यासारखा वाजला की तो चिवडा. कधी आतून बटणं निघत, त्याला इलाज नव्हता. उकिडव्यांकडे साखरेच्या डब्यात गूळ भरला तर झाकण लागायचंच नाही. चहा हवा असेल तर आधी चहा करणारा नेमावा लागे, आणि तो नेमण्यासाठी नेमणारा. तिचा नवरा मंदार हे सगळं दात घासायच्या आधी उरकून टाकी. शाल्मलीला त्यात गैर काही वाटलं नाही. तिला खटकली ती साफसफाई.

ज्या वस्तूचं घरात कुणी नाव घेत नाही, ती उकिडव्यांकडे आपोआप नाहीशी होई.

"कोण नेतं?" तिने मंदारला विचारलं.

"कुणी नाही. घर नेतं."

"कधी?"

"त्याला वाटेल तेव्हा. ते विचारायचं नसतं."

नाहीसं तर माहेरीही होत असे. पण तिथे शेवटच्या माणसाने नाव सोडलं की वस्तू तिथल्या तिथे, डोळ्यांदेखत जाई. इथे ती जाई पाठ फिरल्यावर. हे काही शाल्मलीला सरळ वाटेना.

त्यात लग्नाच्या दिवशी मंदारने ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं होतं, मंजिरी. तेव्हापासून सगळे तिला मंजिरी म्हणत. शाल्मली म्हणून हाक मारणारं घरात कुणी उरलं नाही. आधी 'कु. शाल्मली तगारे' कोरलेला स्टीलचा डबा गेला. मग त्याच नावाचा तांब्या. मग एका सकाळी पोहे भिजवताना तिने नेहमीची शीळ घालायला ओठ जुळवले, आणि नुसती हवा आली.

"तू मला शाल्मली म्हणून हाक मार ना," ती मंदारला म्हणाली. "एकदाच."

त्याने खरंच प्रयत्न केला. कपाळावर आठ्या घालून बराच वेळ उभा राहिला. "त्या जागी आता मंजिरी आहे," तो शेवटी म्हणाला. "आधीचं काय होतं ते सापडत नाहीये."

शाल्मलीचा संशय सासूबाईंवर होता. वसुधाताई दर गुरुवारी दुपारी भजनाला जात आणि येताना अंगावरचं ओझं उतरल्यासारख्या दिसत. त्यांच्या हातात टाळ मात्र कधीच नसत. त्यांचंही सुनेवर लक्ष होतं.

"शेजारी फार जाऊ नकोस," त्या एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "शिरगोपीकरांचं घर सी प्लस प्लसमधलं आहे. मैत्रीण म्हणून एकदा मान्य केलं, की ती सरळ आपल्या कपाटात हात घालते."

शाल्मलीने मान हलवली आणि पुढच्या गुरुवारी, सासूबाई केस विंचरत असताना, शिरगोपीकरांकडे गेली. तिच्या पदराखाली नाव कोरलेली शेवटची वाटी होती.

दारातून आत पाऊल टाकायला जेमतेम जागा होती. पाळणा, तीन टीव्ही, कुणाच्या तरी मुंजीतला पाट. शिरगोपीकरकाकूंनी एक टीव्ही बाजूला सारून तिला बसवलं.

"आमच्यात काही आपोआप जात नाही, बाई. ज्याने आणलं त्यानेच टाकायचं. बरं, टाकलं ते सांगायचंही. ह्यांची स्कूटर मी टाकली. ह्यांना ते ठाऊक नव्हतं, ह्यांनी ती पुन्हा टाकली. त्यात बाल्कनी गेली." शाल्मलीने पाहिलं. बाल्कनीच्या दाराबाहेर खरंच काही नव्हतं.

तिने वाटी पुढे केली. "ही ठेवाल? नावासकट?"

काकूंनी कोरलेली अक्षरं वाचली. "मी टाकेपर्यंत राहील. आणि मला टाकायची सवय नाही. ठेव माळ्यावर, त्या तांब्याशेजारी."

शाल्मली स्टुलावर चढली. तांब्या जुना, पितळेचा होता. त्यावर कोरलं होतं, 'कु. सिंधू दांडेकर, वाई'.

"ही कोण?"

"येईलच आता," काकू पेरू कापता कापता म्हणाल्या.

दार लोटून वसुधाताई आत आल्या.

"ये गं सिंधू," काकू म्हणाल्या.

वसुधाताईंनी स्टुलावरच्या सुनेकडे पाहिलं, मग माळ्याकडे. "हिला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आपल्या पायांनी आली."

"आमच्या घरात बोलणार नाही ना?"

"तुझीच सून. तूच विचार."

त्यांनी विचारलं नाही. पदर खोचला, पेरूची फोड उचलली, खिडकीच्या कट्ट्यावर चढून बसल्या आणि पाय हलवू लागल्या. शाल्मलीने त्यांचे पाय जमिनीपासून सुटलेले आजवर पाहिले नव्हते.

"मिठासाठी मीच उठू का आता?" त्या म्हणाल्या. "इकडे ये, शाल्मली. मीठ घेऊन ये."

शाल्मली मीठ घेऊन शेजारी बसली. थोड्या वेळाने तिने ओठ जुळवून पाहिले. शीळ निघाली, जरा बसकी, पण तिचीच.

घरी त्या वेगवेगळ्या गेल्या. एकत्र जाणं बरं दिसलं नसतं. मंदारने चहा करणारा नेमून ठेवला होता आणि वाट बघत बसला होता.

"मंजिरी, कुठे होतीस?"

"भजनाला."

मंदारने तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग आईच्या.