हळदीच्या वाफ्यासाठी चाळण

सहदेव परबांनी कुदळीचा पहिला घाव घातला तेव्हा मातीतून निळ्या टाइलचा तुकडा वर आला. दुसऱ्या घावाला अर्धी वीट निघाली आणि तिसऱ्याला कुणाच्या तरी जुन्या कमोडचा काठ. बोरीवलीतल्या त्या सोसायटीने दर दुरुस्तीला निघालेला राडारोडा इमारतीच्या मागच्या पट्ट्यात पुरला होता, वर लाल मातीचा हात फिरवला होता, आणि त्याला इतकी वर्षं न लाजता 'बाग' म्हटलं होतं.

या बागेत परबांना हळद लावायची होती. हळदीसाठी नव्हे, पानांसाठी. लग्न होऊन मुंबईत आल्यापासून त्यांच्या पत्नी नलिनीताई दर नागपंचमीला हळदीच्या पानांत वाफवलेले पातोळे करत, आणि बाजारातून आणलेली फाटकी पानं उलगडताना दर वर्षी एकच वाक्य बोलत, "आमच्याकडे परड्यात जायचं आणि हवं तेवढं पान कापून आणायचं." निवृत्त झाल्यावर या वाक्याचा कायमचा बंदोबस्त करायचं परबांनी मनावर घेतलं. गावच्या भावाने कोंब फुटलेलं बेणं पाठवलं. कमिटीने 'तूर्तास हरकत नाही' असं मोघम उत्तर दिलं. आता मे संपत आला होता, बेणं सिंकखाली टोपलीत पडून होतं आणि कोंब रोज लांब होत होते. पाऊस यायच्या आत माती भुसभुशीत झाली नाही, तर हळद गेली आणि पानंही गेली.

हाताने दगड वेचून पाहिले तर सकाळभरात एक ताट मावेल एवढी जागा साफ झाली. तेव्हा चाळण हवीच, असं ठरलं.

पहिली चाळण स्वयंपाकघरातून आली. रव्याची होती. दोन मुठी माती चाळून होते न होते, तोच नलिनीताईंनी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पाहिलं. "ती माझ्या आईने दिलेली आहे," एवढंच त्या म्हणाल्या, पण अशा आवाजात की समोरच्या इमारतीतली एक खिडकी झटकन बंद झाली. चाळण धुऊन, पुसून, पुन्हा धुऊन जागेवर गेली. त्या आठवड्यात घरात उपमा झाला नाही.

मग परबांनी बाल्कनीची कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी सोडवली आणि एका मोडक्या टीपॉयच्या चौकटीवर ताणून बांधली. पहिलं घमेलं ओतताच जाळीला पोट सुटलं, आणि दगड, माती, विटा असं सगळं न चाळता त्यांच्या पायावर आलं. जाळी फाटली ती फाटलीच. वर बाल्कनी उघडी पडल्यामुळे कबुतरांनी वाळत घातलेल्या चादरींवर आपलं मत नोंदवलं.

तिसरी चाळण मात्र नशिबाने मिळावी तशी मिळाली. जिन्याखाली मोडक्या खुर्च्यांच्या मागे एक लोखंडी चौकट उभी होती. जाळी ताठ, भोकं हवी तेवढीच. ते सोसायटीच्या नोटीस बोर्डाचं दार होतं, रंगकामासाठी काढून ठेवलेलं. परबांना ते भंगार वाटलं. माणसाला एखादी वस्तू हवी असली की ती भंगार वाटायला वेळ लागत नाही. त्यांनी दाराला मागून दोन बांबूंचे पाय लावले आणि ते तिरपं उभं केलं. वरून माती टाकली की बारीक माती मागे पडे आणि दगड घरंगळत पुढे येत. चाळण झकास झाली, असं त्यांनी स्वतःलाच दोनदा सांगितलं, कारण सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

इकडे सेक्रेटरी देवव्रत सभेची नोटीस हातात घेऊन बोर्डासमोर उभा राहिला. बोर्ड होता, दार नव्हतं. उघड्या बोर्डावर तो नोटीस लावत नसे. मागच्या वेळी कुणीतरी अध्यक्षांच्या सहीला मिश्या काढल्या होत्या. दार सापडेना, तेव्हा त्याने नोटीस सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. विषय एकच होता, मागच्या जागेत टू-व्हीलर पार्किंग. कबुतरांना दाणे घालण्यावरून भांडण झाल्यावर परब या ग्रुपमधून बाणेदारपणे बाहेर पडले होते, आणि पुन्हा कुणी त्यांना आत घेतलं नव्हतं. त्यामुळे ज्याला ही नोटीस कळायला हवी होती, तोच तिच्या दारावर घमेली ओतत उभा होता.

चाळत गेले तसं परबांच्या लक्षात यायला लागलं, की आपण मातीतून दगड काढत नसून दगडांतून माती काढतो आहोत. पुढचा ढीग कमरेएवढा झाला, मागचा घोट्याच्या वर जाईना. कंबर तर केव्हाच गेली होती. सकाळी ते भिंतीला धरून उठत, पट्टा बांधून खाली जात, आणि संध्याकाळी कठडा धरून एकेक पायरी चढत वर येत. रोज रात्री नलिनीताई गरम पाण्याच्या पिशवीने शेकत.

"सोडा ना आता," त्या म्हणत.

"थोडंच राहिलंय."

थोडं कधीच राहिलेलं नसे. अंधारात पडल्या पडल्या परबांना रडू यायचं, पण रडताना कंबर हलते म्हणून ते तेही टाळत.

रविवारी सकाळी नलिनीताई "जरा वर जाऊन येते" म्हणून गेल्या आणि परब खाली आले. बऱ्याच वेळाने देवव्रत एका टेप घेतलेल्या माणसासोबत मागच्या बाजूला आला.

"काका, बरं झालं इथेच भेटलात. हा मिथुन. पेव्हर ब्लॉकचं काम ह्याच्याकडे दिलंय."

"कसले पेव्हर ब्लॉक?"

"पार्किंगचे. आत्ता गच्चीवर सभेत पास झालं ना."

परबांनी घमेलं खाली ठेवलं. "कुठली सभा? बोर्डावर नोटीस नव्हती. मी रोज येता-जाता बघतो. बोर्डावर नोटीस नाही म्हणजे सभा रद्द. मी तक्रार करणार, देवव्रत."

देवव्रत चाळणीकडे बघत होता. चौकटीच्या पट्टीवर धुळीतून 'सूचना फलक' ही अक्षरं उलटी दिसत होती.

"करा ना काका," तो शेवटी म्हणाला. "फक्त बोर्डाचं दार कुठे होतं ते तक्रारीत तुम्हीच लिहा."

मिथुनने तोवर पुढच्या ढिगातले दगड ओंजळीत घेऊन पाहिले होते. "काका, एक नंबर चाळलंय. ब्लॉकच्या खाली टाकायला खडी मागवणार होतो मी, आता गरज नाय. ती मागची बारीक माती पण लागेल लेव्हलला."

परब बांबूला धरून उभे राहिले. एवढ्या दिवसांत आपण ज्याच्याशी झगडलो तो दगड नव्हता, आपणच होतो, असं त्यांना वाटलं, आणि फार वाईट वाटलं. "सगळ्यांनी हात वर केले का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही ना. निम्मे विरोधात होते. बरोबरी होती." देवव्रत घुटमळला. "मग शेवटी काकूंनी हात वर केला."

फ्लॅट नलिनीताईंच्या नावावर होता. ग्रुपमध्येही त्या होत्या, मतही त्यांचंच.

तीन मजले चढायला परबांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. नलिनीताई पिशवीत गरम पाणी भरत होत्या.

"तू हात वर केलास?"

"केला."

"पार्किंगसाठी? आणि मी हे सगळं कोणासाठी करत होतो?"

"म्हणूनच केला. तुम्ही ऐकलं असतंत माझं?" आणि त्या एकदम गावच्या बोलीवर आल्या. "रोज खिडकीतून बघतंय मी. माका पानां नको. माका तुमी धड होये."

परब कॉटच्या कडेला टेकले. एवढी माती उपसली, तेव्हा कुठे हे वाक्य निघालं होतं. "मग इतकी वर्षं दर नागपंचमीला बोलत होतीस ते?"

"बोलत होते," नलिनीताई पिशवीचं झाकण घट्ट करत म्हणाल्या. "मागत कुठे होते?"

खाली मिथुन टेप लावून कुणाला तरी मापं ओरडून सांगत होता. परब पालथे झाले.