कप्तानाच्या इंजिनातली ठकठक

“गॅरेजवाले काय वेगळं करतात? बोल्ट काढतात आणि तेच बोल्ट परत लावतात! तेवढं तर मलाही येतं!”

असं जाहीर करून कप्तानाने आपल्या ट्रकचं इंजिन घरीच उघडायला घेतलं. कप्तान हे काही त्याचं खरं नाव नव्हे. अठरा वर्षं तो ज्या ऐटीत स्टिअरिंगमागे बसत आला होता, ती पाहून गल्लीने त्याला हे नाव दिलं होतं, आणि ते त्याला मनापासून पटलंही होतं.

“आठ दिवसांत इंजिन नव्यासारखं!” त्याने बायकोला शब्द दिला.

आठाचे सव्वीस झाले! तेवढ्या दिवसांत घराची पार रया गेली. पिस्टन दिवाणखान्यात फुलदाणीशेजारी विराजमान झाले. व्हॉल्व्ह चमच्यांच्या स्टँडमध्ये. बायकोने चहाची गाळणी घरभर शोधली. ती डिझेलच्या डब्यात पोहत होती. पण गड्याची जिद्द मानायला हवी! बोटं सोलवटली, पाठ धरली, तरी त्याने एकेक भाग पुसून, पुस्तकातलं चित्र बघून जागच्या जागी बसवला. शेवटी एक नटसुद्धा उरला नाही. भल्याभल्यांचे दोन-चार तरी उरतात!

शनिवारी सकाळी त्याने किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. बायकोने टाळ्या वाजवल्या. आणि मग...

ठक्! ठक्! ठक्! ठक्!

“हे काय हो?”

“काही नाही, नवीन भाग आहेत. एकमेकांची ओळख करून घेतायत.”

“ओळख? मला तर मारामारी वाटतेय!”

शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी “आलो, आलो!” म्हणत दार उघडलं. बाहेर कोणी नाही. त्यांनी दार लावलं. ठक् ठक् ठक्! पुन्हा उघडलं. तिसऱ्या खेपेला ते चप्पल घालून, दार वाजवणाऱ्याच्या शोधात थेट कप्तानाच्या अंगणात आले.

कप्तानाचा जीव टांगणीला लागला होता. सोमवारी नव्या इस्पितळाच्या चाळीस खाटा पोचवायच्या होत्या. तिथला स्टोअरकीपर दोनदा थांबला होता; आता तिसऱ्यांदा दुसरी गाडी बोलावीन, असं त्याने स्वच्छ सांगितलं होतं.

“घाबरायचं कारण नाही!” कप्तान गर्जला. “एकेका सिलिंडरची डिझेलची नळी सैल करायची. जिच्यामुळे आवाज थांबेल, तिथे बिघाड!”

पहिली नळी सैल केली. ठक् ठक्! दुसरीतून डिझेलची अशी चिळकांडी उडाली, की पोस्टमास्तरांचा पांढरा सदरा गळ्यापासून पोटापर्यंत नक्षीदार झाला. ते आल्या पावली परत गेले. तिसरी झाली, चौथी झाली. ठकठक आपली तशीच!

कप्तान मटकन खाली बसला. “एकीनेही फरक पडला नाही. म्हणजे... चारही बिघडलेत! सगळं पुन्हा उघडावं लागणार!”

“पुन्हा?” बायको किंचाळली. “मग मीच माहेरी जाते!”

“माहेर इथेच आलंय की,” तो पुटपुटला.

खरंच होतं ते. सासूबाई परवाच राहायला आल्या होत्या. ओसरीवर स्टूल टाकून त्या सकाळपासून सगळं बघत होत्या. नवरा गेल्यावर या बाईने तीस वर्षं पिठाची गिरणी एकटीने चालवली होती. बोलणं मोजकं. त्या गप्प बसल्या, की मनातल्या मनात आपल्याला नावं ठेवतायत, अशी कप्तानाची लग्नापासूनची खात्री होती.

आता त्या उठल्या. पदर खोचला. लेकीला म्हणाल्या, “लाटणं आण गं.”

कप्तानाला बायकोची धमकी आठवली, लाटण्याचा आकार आठवला आणि तो एका उडीत केबिनमध्ये शिरला! दार लावलं, काचही वर केली.

सासूबाईंनी काचेवर टकटक केली. “आत बसलाच आहात, तर इंजिन सुरू करा.”

मग त्यांनी लाटण्याचं एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं कानाला. डोळे मिटले. पुढे, मधे, एकेका सिलिंडरपाशी थांबत मागे सरकल्या. डॉक्टरने पेशंटची पाठ तपासावी तशा!

“क्लच दाबा.”

त्याने दाबला. आवाज गप्प!

“सोडा.”

ठक्! ठक्!

“दाबा... सोडा... बास. जावईबापू, चारही एकदम कसे बिघडतील? एकीनेही फरक पडला नाही, म्हणजे चारही ठणठणीत आहेत. दुखणं मागे आहे. तिथलं जड चाक सैल आहे. आमच्या गिरणीचं चाक सुटायला आलं, की अस्संच बोलायचं.”

“फ्लायव्हील? छे! ते तर मी...” बोलता बोलता कप्तानाने कपाळावर हात मारला. आठवलं! बोल्ट नुसते हाताने फिरवून ठेवले होते, पान्याने आवळायचेच बाकी होते, तेवढ्यात स्टोअरकीपरचा फोन आला. आपलं काम किती चोख चाललंय, हे त्याला वीस मिनिटं समजावून सांगितलं आणि परत येऊन सरळ गिअरबॉक्स चढवला!

रविवार सगळा गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्यात गेला. सासूबाई जावयाचा जुना शर्ट साडीवर चढवून, टॉर्च धरून ट्रकखाली शिरल्या. बायको पुस्तकातले आकडे मोठ्याने वाचत होती. आठही बोल्ट सैल निघाले. एक तर बोटाने फिरत होता!

“ओळीने नको, समोरासमोरचे आवळा,” सासूबाई म्हणाल्या.

ऊन कलताना किल्ली फिरली. घर्रर्र! नुसता एकसुरी, गुबगुबीत आवाज. कप्तानाच्या डोळ्यांत पाणी आलं.

“आई, मला वाटायचं, तुम्ही मनात मला हसता.”

“हसेन कशाला? अख्खं इंजिन एकट्याने सोडवून जोडलंत! मला गिरणीचा पट्टा बदलायलासुद्धा दोन माणसं लागायची. मी तर कौतुकाने बघत बसते.”

सोमवारी खाटा लादल्या. पहिल्या फेरीला आवाजावर लक्ष ठेवायला सासूबाई शेजारी बसल्या. आठ बोल्टांची भानगड कप्तान केव्हाच विसरला होता. पिस्टन कसे बसवले, बेअरिंग कशी निवडली, व्हॉल्व्ह कसे घासले, सगळं सविस्तर सांगून तो छाती फुगवून म्हणाला, “ऐकताय ना आई? एक खट्ट आवाज नाही!”

“तेच ऐकायला आलेय हो,” सासूबाई म्हणाल्या. “तुम्ही जरा थांबलात, तर इंजिनही ऐकू येईल.”

पुढचे चाळीस किलोमीटर कप्तान एक शब्द बोलला नाही. यावर त्याच्या बायकोचा अजूनही विश्वास बसत नाही.