हकीकत मैना हत्तिणीच्या मरणहुकुमाची

ज्या देवाच्या सुपाएवढ्या कानांत सगळ्यांची गाऱ्हाणी जातात आणि तेवढ्याच मोठ्या पोटात राहतात, त्याला दंडवत घालून लिहितो. शके सतराशे एकोणपन्नास, सर्वजित नाम संवत्सर. नाव सगळे जिंकायचे, आणि त्याच साली दसऱ्याच्या स्वारीत महाराज हत्तिणीवरून पडते जाहले. राज्याचे नाव पुसू नये. हत्तीण मैना, आणि तिचा माहूत दस्तगीर, नुकताच नेमलेला पोरसवदा गडी. स्वारी पेठेत आली आणि मैनेला उसाची गाडी दिसली आणि तिने भर रस्त्यात बसकण मारली, आणि अंबारी कलली, आणि महाराज छत्रासकट उसात गेले. लोकांनी हसू गिळले, एका उसवालीला तेवढे गिळता आले नाही. मग महाराज पागोटे सावरीत उठले आणि गरजले, "हिला तोफेच्या तोंडी द्या!" त्या काळी महाराजांच्या तोंडून निघाला तोच कायदा, त्याला सही नको, शिक्का नको. दस्तगीर पायांवर पडला आणि म्हणाला, "सरकार, खादाड आहे ती, ऊस दिसला की भान राहत नाही. तिच्या जागी मला द्या तोफेला." महाराज बोलिले, "तुझ्यावर दारू कोण फुकट घालवतो?"

मग हत्तीखान्यातून मैनेचे नाव खोडले आणि तुरुंगाच्या आवारात तिला साखळी पडली, आणि कैदी म्हटल्यावर सरकारी शिधा चालू झाला, रोज वैरणीची गाडी. जोशीबुवांनी पंचांग उघडून सांगितले की गुरूचा अस्त आहे, एवढे मोठे जनावर मारायचे तर उदय झाल्यावर बघू. आणि गुरू उगवायच्या आत महाराजच मावळले. गादीवर बसवले ते बाळ पाळण्यातले, आणि कारभार पाच मंत्र्यांकडे गेला. दस्तगीर धावत दिवाण विसाजीपंतांकडे गेला. म्हणाला, "पंत, धनी गेले. त्यांचा हुकूमही गेला ना आता?" पंत म्हणाले, "धनी जातो, हुकूम राहतो. नाहीतर तुझी नेमणूकही गेली म्हण की." दस्तगीर आल्या पावली परतला. पण नवा कायदा असा पडला की बाळराजांच्या नावाने काहीही करायचे तर पाचही मंत्र्यांचे शिक्के हवेत, आणि तोफखान्याचा नाईक शिक्क्यांवाचून चिमूटभर दारू देईना. आणि पाचांतले दोघे एका लग्नाच्या पंगतीत पाट मागेपुढे मांडला म्हणून एकमेकांचे तोंड बघत नव्हते. तेव्हा पाच शिक्के काही एका कागदावर आले नाहीत, आणि हुकूम मेला नाही आणि जगलाही नाही, आणि मैनेच्या कपाळावर म्हातारपणाचे गुलाबी ठिपके चढायला लागले.

मग बाळराजे मोठे झाले आणि लोकांचा रागरंग बघून सगळा कारभार सभेच्या हाती देऊन बागेत गुलाब लावीत बसले. सभा म्हणजे लोकांनी निवडून दिलेली माणसे, आणि कायदा करणार ती सभाच. सभा उठलेली असली आणि घाई पडली तर मुख्य कारभारी दौलतरावांनी हुकूम काढावा, पण सभा पुन्हा बसली आणि तिने तो आपला म्हटला नाही तर हुकूम आपोआप मरावा, अशी रीत ठरली. दौलतराव हुशार. सभा उठली की जुने सगळे हुकूम एका गठ्ठ्यात बांधून नवे म्हणून काढायचे, सभा बसली की ते मरायचे, सभा उठली की पुन्हा काढायचे. त्या गठ्ठ्यात मैनेचे मरणही होते. आणि दर खेपेला दस्तगीर जाऊन हात जोडायचा, "साहेब, तेवढे पुढे ढकला."

"अरे, तो गठ्ठा वाचतो कोण? कंटाळा नाही येत तुला?"

"येतो की साहेब. पण एखाद्याने वाचला तर?"

शेवटी त्याची बायको हलिमा चिडली. म्हणाली, "कोर्टात जा एकदाचे. नाहीतर मीच जाऊन बसते तोफेपुढे." मग दस्तगीर न्यायाधीश त्रिंबकशास्त्र्यांपुढे उभा राहिला, आणि शास्त्री बोलिले की सभेला बगल देऊन तोच तो हुकूम पुन्हापुन्हा काढणे ही सभेची थट्टा आहे, सबब हुकूम रद्द, हत्तीण मोकळी. दस्तगीर रडला आणि आळीत गूळ वाटला आणि त्या दिवशी पोटभर झोपला. आणि सकाळी वैरणीची गाडी आली नाही. तुरुंगाचा नाईक लाडोबा, तोही यांच्याबरोबरच म्हातारा झालेला, मान खाली घालून म्हणाला, "दस्तगीरभाई, शिधा कैद्याला. सुटलेल्याला दरवाजा."

हत्तीखान्यात गेला तर म्हणाले नाव खोडले आहे. चढवायचे तर सभेचा ठराव आणा, आणि सभा बसणार सुगी झाल्यावर, आणि बसली तरी एका हत्तिणीचा ठराव मांडणार कोण. मग मैनेने दस्तगीरच्या घराचे छप्पर खाल्ले आणि शेजाऱ्याचेही खाल्ले आणि शिव्या दस्तगीरने खाल्ल्या, आणि पुढे खायला काही राहिले नाही तेव्हा ती पडून राहू लागली. कातडे हाडांवर घोंगडीसारखे लोंबायला लागले. तेव्हा दस्तगीर पुन्हा त्याच पायऱ्या चढला.

"साहेब, तेवढा मरणाचा हुकूम परत काढा."

दौलतरावांच्या घशात सुपारी अडकली. "कोर्टाने मोडलाय रे तो!"

"दुसरा काढा."

दौलतरावांनी सुपारी थुंकली. मग म्हणाले, "काढता येईल. कोर्ट आपणहून काही येत नाही, कुणी फिर्याद घेऊन गेला तरच मोडते. तू जाशील?"

"मी कशाला जातोय मरायला?"

संध्याकाळी हुकूम निघाला आणि त्याच्यामागे वैरण आली. लाडोबाने साखळी घातली, पण कुलूप गंजून मोडले होते म्हणून सुतळीची गाठ मारली, आणि मैनेने गाठीकडे बघितलेही नाही, ती खात होती. निकालानंतर शिधा देणारेही हुकूम जिवंत आहे का ते बघू लागले, म्हणून तेव्हापासून असे चालले की सभा बसली म्हणजे शिधा बंद, आणि लाडोबा सरकारी बैलांच्या तोंडचे काढून मैनेला घालायचा, आणि सभा उठली की दस्तगीर मरण मागायला जायचा. आधी टळावे म्हणून हात जोडले, आता मिळावे म्हणून जोडले. हात तेच, पायऱ्या त्याच, गुडघे तेवढे गेले.

मग एका उन्हाळ्यात भर दुपारी, अर्धा ऊस तोंडात असताना, मैना कुशीवर आडवी झाली आणि उठली नाही. तुरुंगामागच्या शेतात तिला पुरली. लाडोबाने डोळे पुसले आणि दफ्तर उघडले. "काय लिहू, भाई? हुकूम बजावला, असे?"

"कुणी बजावला?" दस्तगीर म्हणाला. "चार राजवटींना जमले नाही. तिची ती गेली."

"कैदी जागेवर नाही, काहीतरी लिहावे लागेल ना?"

दस्तगीरने सुतळीची गाठ सोडली आणि सुतळी खिशात घातली. म्हणाला, "लिही, पळाली."

आणि लाडोबाने तसे लिहिले.

तात्पर्य एवढेच की एका धन्याचा शब्द झाला, पाचांचे शिक्के झाले, सभा झाली, कोर्ट झाले, आणि हुकूम सगळ्यांना पुरून उरला. अजूनही सभा उठली की गठ्ठा निघतो, आणि मैना नावाची हत्तीण दिसेल तिथून धरून आणावी अशी दवंडी पिटत माणूस आळीतून जातो, आणि म्हातारा दस्तगीर आतूनच ओरडतो, "शोधा, बाबांनो. ऊस दिसेल तिथे बघा." ऐकले तसे लिहिले. दौत आटली, हात दुखला, इथे पुरे.