वर सरकणारी गाठ

कंधारच्या डॉक्टरांनी विनीताला जीभ बाहेर काढायला सांगितली आणि तिच्या गळ्याच्या मध्यावरची बोराएवढी गाठ सुर्रकन वर सरकली.

"पाण्याचीच वाटते. अशी गाठ जिभेबरोबर वर जाते. तरी नांदेडला सोनोग्राफी करून घ्या."

त्यातलं 'वाटते' तेवढं विनीताच्या डोक्यात रुतून बसलं.

नवऱ्याने, राघवेंद्रने, घरी हे सांगितलं आणि सासूबाईंना चैनच पडेना. विनीता भाकरी थापत असो की कपडे वाळत घालत असो, "काढ बरं जीभ. गेली का वर? हाव, गेली!" शेजारची दीपमाला वाटी परत द्यायला आली, तीही बघून गेली. लग्न झाल्यापासून सासूबाईंपुढे विनीताने जीभ उचलली नव्हती. आता ती दिवसभर बाहेरच. हसावं म्हटलं तर आवंढा यायचा, आणि आवंढा गिळला की गाठ पुन्हा हलायची.

दुसऱ्या दिवशी नांदेडच्या बसमध्ये राघवेंद्रच कुजबुजला, "एकदा काढ ना. मला भेव वाटायलंय."

तिने काढली. नेमका कंडक्टर समोर.

"बाई, मी तिकीट विचारायलोय अन् तुमी जीभ दाखवायलाव?"

राघवेंद्रला सगळं सांगावं लागलं. मागच्या सीटवरची म्हातारी उठली, "पाहू माय, कशी हलती?" ओशाळलेल्या कंडक्टरनेही मशीन काखेत मारून वाकून पाहिलं. "जाते की वर! काही होत न्हाई, ताई." अर्ध्या बसने तिला धीर दिला. ती मात्र रडायच्या बेतात होती.

सोनोग्राफीला गळ्यावर गार जेल लागताच विनीताची जीभ सवयीने बाहेर आली.

"आत घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पडद्यावर काळा गोल उमटला. राघवेंद्रने तिच्या पायाचा अंगठा गच्च धरून ठेवला. "नुसतं पाणी आहे. थायरॉइडही जागेवर आहे. कॅन्सरसारखं काही दिसत नाही. सवडीने ऑपरेशन करून टाका."

जेल पुसता पुसता विनीताने डोळेही पुसले.

घरी आल्यावर सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, आणि लगेच त्यांचा जुना आवाज परत आला. "कालची भाजी खारट व्हती. अन् दुधावर झाकण कोणी ठेवायचं?"

विनीताने पाठमोऱ्या सासूबाईंना लांबलचक जीभ काढून दाखवली. सासूबाई नेमक्या वळल्या.

विनीताची जीभ तशीच बाहेर राहिली. सासूबाईंनी चष्मा नीट केला, वाकून पाहिलं आणि मायेने म्हणाल्या, "हाव, हलती अजून."

"ऑपरेशनची तारीख कधीची घेऊ?" राघवेंद्रने विचारलं.

"दिवाळीनंतर बघू," विनीता म्हणाली. "घाई काय आहे?"