उस्मानभाईंचा मिठ्ठू

उस्मानभाई कोणाच्याही घरी गेले की माणसांकडे नंतर, आधी खाटेखाली बघत. यजमान 'या, बसा' म्हणेपर्यंत ते गुडघ्यांवर बसलेले असत आणि खाटेखालची पत्र्याची पेटी अर्धी बाहेर ओढलेली असे. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या बायकोला वाटलं, घरात उंदीर शिरलाय आणि हे गृहस्थ त्याच्या मागावर आहेत. तिने मुकाट्याने झाडू आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्या झाडूने पेटीच्या झाकणावरची धूळ झटकली, झाकणावरचा पोपट न्याहाळला, "हा आमचाच," म्हणाले आणि मग मला नमस्कार केला.

दारव्ह्याच्या बाजारात त्यांचं पेट्यांचं दुकान होतं. मुलगी सासरी निघाली की आंदणात पेटी जाणार, आणि ती 'मिठ्ठू छाप'च असणार, असा आमच्या भागातला रिवाज. हिरवा पोपट, चोचीत लाल मिरची, खाली 'उस्मान पेटीवाले, दारव्हा'. मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायचो. उस्मानभाई वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, आणि तत्त्वाचे भारी पक्के. चहात साखर कमी पडली तरी म्हणायचे, "साखरेचं काही नाई मास्तर, गोष्ट उसूलची हाये."

पण काही वर्षांपासून त्यांच्या उसुलाला सुरुंग लागला होता. मारेगावकडचा एक फिरता विक्रेता आठवडी बाजारात पेट्या आणायचा, आणि त्यांच्यावरही पोपट असायचा. तीच मिरची, तीच मान. खाली नाव मात्र कोणाचंच नाही. उस्मानभाई त्या पेट्यांपुढे उभे राहून "चोर हाये साला चोर" असं पुटपुटायचे आणि त्यातली एक पेटी विकत घेऊन घरी यायचे.

"चोराचा माल तुम्हीच कशाला घेता?" मी विचारलं.

"पुरावा हाये ना."

पुरावा मागच्या खोलीत छतापर्यंत गेला होता. त्या चोराचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक उस्मानभाईच होते. हे काही मला उमगेना.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. छापांची नोंदणी करायचा नवा कायदा आलाय, नोंद झाली की दुसऱ्या कोणाला तीच छाप वापरता येत नाही, असं उस्मानभाईंना कोणीतरी सांगितलं. लगेच ते कुठून तरी इंग्रजी फॉर्म मिळवून माझ्याकडे आले. पहिला घोळ पत्त्याचा. "आपलं सरकार आता नागपुरात हाये का मुंबईत?" त्यांनी विचारलं. मुंबईत, असं सांगितल्यावर खट्टू झाले. मुंबईच्या साहेबाला आमच्या मिठ्ठूचं काय कळणार, अशी त्यांना शंका होती. खरं सांगायचं तर मलाही होती. तो फॉर्म मी तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ निराळा निघाला.

एक गोष्ट मात्र स्पष्ट होती. छापेच्या दहा प्रती हव्या होत्या, आणि त्या टिकाऊ कागदावर. उस्मानभाई हसले. "कागद अन् टिकाऊ? पान्यात टाकून पाहा." आठव्या दिवशी त्यांनी पत्र्याचे दहा तुकडे आणून माझ्या टेबलावर आदळले. दहांवर दहा पोपट, गंज लागू नये म्हणून मागून रंग दिलेला. त्यांचं गाठोडं करून टपालखर्च विचारायला मी पोस्टात गेलो. पोस्टमास्तरांनी ते एकदा उचलून पाहिलं आणि माझ्याकडे, मी शिकवतो ती मुलं पुढे काय होणार, अशा नजरेने पाहिलं.

गाठोडं घरी आणून मी तुकडे ओळीने मांडले, तर नवाच घोळ. एकाही पोपटाचं दुसऱ्याशी जुळेना. एक लठ्ठ, एक मानमोडका, एकाच्या मिरचीचं गाजर झालेलं.

"उस्मानभाई, दहाही सारखे हवेत. यातला खरा कोणता?"

ते उठले, घरी गेले आणि एक झाकण घेऊन परत आले. त्यावरचा पोपट आता उडेल की मग उडेल, असा होता. "असली हा हाये. याच्यावरून काढा."

पोपटाखाली नाव नव्हतं. ते झाकण चोराच्या पेटीचं होतं.

चोराचा पोपट खरा, तर मग चोर कोण? पण शिक्षकाची खोड, पेपर हाती घेतला की पुरा करायचाच. मी पुढचा रकाना वाचला. "छापेचे मालक म्हणून एकट्या तुमचंच नाव लिहू ना?"

उस्मानभाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तेच तं एकडाव लिवलं होतं मास्तर," ते म्हणाले. "पत्रा मी वाकवायचो. मिठ्ठू रशीदचा, माह्या धाकल्या भावाचा. त्याच्या मनातून निघाला होता तो. म्या खाली फक्त माहं नाव टाकलं. तो म्हने, भाई, माहंबी टाक. म्या म्हनलं, दुकान कोनाचं हाये? त्यानं ब्रश धुतला, पुसला, जाग्यावर ठेवला अन् मारेगावले निंगून गेला. सात साल झाले. तिथं तो पेट्या रंगवते, अन् तो फिरता इकनारा त्या इथं आनते. तवापासून मी त्याचा मिठ्ठू काढून राह्यलो. येत नाई मले."

मी म्हटलं, "मग दोघांची नावं टाकू. नाहीतर एकट्याचं टाकलं, तर नोंद झाल्यावर त्याला पोपट काढणं बंद करावं लागेल."

"बंद?" हे त्यांच्या ध्यानात आजवर आलंच नव्हतं. "अन् त्यानं बंद केलं तं तो कसा हाये, हे मले कसं समजन?"

फॉर्म त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला. दोघांच्या नावांसाठी रशीदची सही लागली असती, आणि ती मागायला जायची उस्मानभाईंची छाती नव्हती. मला त्यांची चीडही आली आणि त्यांचं वाईटही वाटलं. इतकी वर्षं हा माणूस भावाची खुशाली बाजारातून विकत आणत होता, आणि सगळ्या गावाला तो चोराच्या मागावर आहे असं वाटत होतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ते शाळेत आले, नवी पेटी काखेत धरून. माझा वर्ग चालू होता, तरी थेट आत येऊन त्यांनी ती टेबलावर ठेवली.

"पाहा मास्तर. डोया सरकला. पंखाची रेघबी बाहेर गेली. त्याच्या हातानं असं कधीच झालं नव्हतं. नजर कमी झाली वाट्टे त्याची." मग आवाज खाली आणून म्हणाले, "चष्म्याचा नंबर त्याच्याबदली दुसऱ्या कोनाले काढून आनता येतो का?"

"नाही हो. ज्याचे डोळे त्यालाच जावं लागतं."

"मंग हे त्याले सांगन कोन?"

मुलं माझ्याकडे बघत होती. उस्मानभाईही बघत होते, मला उत्तर खरोखरच ठाऊक असल्यासारखे.