चौथ्या मजल्याची दोरी

"साखळी तोडता येते, कुलूप फोडता येतं," हिल्मी बायकोला म्हणाला, "पण अक्कल फोडून दाखवा म्हणावं."

"कुणाची?" इन्साफनं भाजी निवडता निवडता विचारलं.

हिल्मीनं तिकडे दुर्लक्ष केलं. गेल्या आठवड्यात शुब्रा वस्तीतल्या त्यांच्या गल्लीतून दोन स्कूटरी गायब झाल्या होत्या, दोन्ही भरदिवसा, आणि दोन्हींना मनगटाएवढ्या साखळ्या होत्या. पण त्या स्कूटरींचे मालक कोण? सामान्य माणसं. हिल्मी जमीनमोजणी कचेरीत बावीस वर्षं नोकरी केलेला माणूस होता.

शिवाय स्कूटर त्याची नव्हती, हा खरा घोळ होता. ती मेव्हण्याची होती. पाच वर्षांपूर्वी कुवेतला जाताना मिदहतनं दोन गोष्टी बहिणीच्या घरी ठेवल्या, गच्चीवरची चाळीस कबुतरं आणि क्रीम रंगाची स्कूटर. हिल्मी संध्याकाळचे दाणे टाकायचं विसरत गेला आणि आठ दिवसांत कबुतरं शेजारच्या गच्चीवर नांदायला गेली. तेव्हापासून मिदहत फोनवर ताईची खुशाली विचारायच्या आधी विचारायचा, "दाजी, स्कूटर आहे ना?" तो "आहे ना" हिल्मीला फार लागायचा. आता येत्या गुरुवारी मिदहत स्वतः येणार होता.

"ही एक ठेव तरी धड परत करा," इन्साफ म्हणाली. "माहेरच्यांपुढे मला मान वर करून बोलू दे."

म्हणून हिल्मीनं तीन दिवसांची रजा टाकली आणि योजना अमलात आणली. स्कूटरच्या मुठीला नायलॉनची बारीक दोरी बांधली, ती भिंतीकडेनं वर आपल्या चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत घेतली आणि तिचं टोक इन्साफच्या सगळ्यांत मोठ्या पातेल्याला बांधलं. पातेल्यात सहा डाव ठेवले. स्कूटर हलली की पातेलं कोसळणार, हिल्मी धावणार, चोर धरणार. ही गोष्ट त्यानं कुणालाही सांगितली नाही, खालच्या बशंदीकाकांनाही नाही. बशंदीकाका इमारतीचे दारवान. वर्षभरापूर्वी आलेले, फाटकाजवळच्या बाकावर बसून जगाकडे पाहणारे. "दारवानाला कळलं की गल्लीला कळलं, गल्लीला कळलं की चोराला कळलं," असं हिल्मीचं गणित होतं.

गणितात एकच गोष्ट राहून गेली. त्या गल्लीत बाल्कनीतून दोरी लोंबली की तिचा अर्थ ठरलेला असतो, वरच्या बाईंना काहीतरी हवंय. खालून हिसका द्यायचा, वरून टोपली खाली येते, जिन्यांची दगदग वाचते. लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत तर सगळा संसारच टोपलीवर चालतो.

सोमवारी सकाळी आठला पातेलं कोसळलं. हिल्मी हातात डाव घेऊन, अर्धी दाढी केलेल्या अवस्थेत, चार मजले उतरला. खाली रोटीवाला उभा होता.

"हिल्मीभाऊ, दोरी आहे, टोपली कुठंय?" त्यानं विचारलं. "आणि हा डाव कशाला?"

खरं सांगावं तर गुपित फुटतं. हिल्मीनं डाव पाठीमागे लपवला आणि दहा रोट्या घेतल्या.

नऊ वाजता भाजीवाला आला. हिल्मीनं मलूखियाच्या पालेभाजीच्या चार जुड्या घेतल्या. अकराला कलिंगडवाला आला. एकला पुन्हा रोटीवाला आला, कारण सकाळी एवढ्या उत्साहानं धावत आलेलं गिऱ्हाईक त्यानं पूर्वी पाहिलं नव्हतं. मंगळवारी तिसऱ्या मजल्यावरच्या तेरेझामावशींनी आपल्या टोपलीची दोरी समजून हिल्मीचीच दोरी ओढायला घेतली. स्कूटरचं पुढचं चाक जमिनीवरून वीतभर उचललं गेलं.

"अगं बाई, एवढं जड काय पाठवलं?" त्या वाकून ओरडल्या. "मी फक्त कोथिंबीर सांगितली होती."

हिल्मी पुन्हा धावला. जिना चढताना त्याच्या गुडघ्यांतून आता स्वतंत्र आवाज येत होते. स्वयंपाकघरात तीन कलिंगडं, चौदा जुड्या आणि रोट्यांची चळत झाली होती.

"चोर आला तर त्याला जेवायलाच बसवू," इन्साफ म्हणाली. "नाहीतर हे संपणार कसं?"

बुधवारी दुपारी ती रोट्या वाटायला मावशींकडे गेली. हिल्मी गुडघ्यांवर गरम टॉवेल टाकून आडवा झाला होता. डोळा लागतो न लागतो तोच पातेलं कोसळलं. त्या आठवड्यातली ती अकरावी वेळ. हिल्मीच्या पायांनी उठायला साफ नकार दिला. तो पडल्या पडल्या बाल्कनीच्या दिशेनं गरजला, "काही नको! घेऊन जा!"

खालून आवाज आला, "खरंच घेऊन जाऊ?"

"एकदा सांगितलेलं कळत नाही का? घेऊन जा, आणि जाताना दोरी खांबाला बांधून जा."

खालचा माणूस काहीतरी म्हणाला, पण रस्त्यावरच्या भोंग्यांत ते बुडालं. मग शांतता पसरली. हिल्मी तीन दिवसांत पहिल्यांदाच सुखानं झोपला.

तासाभरानं इन्साफ आणि तेरेझामावशी त्याच्या डोक्याशी उभ्या होत्या.

"अहो, दोरी खांबाला बांधलीय," इन्साफ म्हणाली.

"मीच सांगितलं बांधायला."

"आणि स्कूटर?"

हिल्मी गुडघे विसरून खाली धावला. खांबाला दोरीची सुबक गाठ होती, बाकी काही नव्हतं. बशंदीकाका बाकावर चहा पीत होते.

"काका, स्कूटर कुठंय?"

"नेली की त्यानं."

"कुणी?"

"तुम्ही ज्याला ने म्हणालात त्यानं. दोनदा विचारलं बिचाऱ्यानं, सगळ्या गल्लीनं ऐकलं. किती दिवस बसून होती ती, पटकन चालू होईना, म्हणून मीच मागून ढकलली."

"मी पण पाहिलं बाल्कनीतून," मागून आलेल्या तेरेझामावशी म्हणाल्या. "वरून चेहरा नाही दिसला, नुसतं टक्कल दिसलं. पण माणूस सभ्य होता हो, गाठ किती छान मारलीय."

हिल्मी पायरीवर बसला. उद्या गुरुवार. कबुतरांना निदान पंख होते, ती उडाली असं सांगता आलं होतं. स्कूटरीचं काय सांगायचं? इन्साफनं डोक्यावरची ओढणी नीट केली आणि जिना चढू लागली. तिची पाठ पाहून हिल्मीला खरंच रडू आलं.

ती दोघं वर पोचून दहा मिनिटं झाली असतील, दारावरची घंटा वाजली. दारात मिदहत. हातात बॅग, डोक्यावर टोपी.

"बुधवारचं तिकीट मिळालं," तो बहिणीला मिठी मारत म्हणाला. मग हिल्मीकडे वळला. "दाजी, स्कूटर आहे ना?"

हिल्मीची जीभ त्याला न विचारताच चालू झाली. "म्हणजे काय? डोळ्यांत तेल घालून सांभाळलीय."

"खाली दिसली नाही ती?"

"धुवायला दिलीय. तू येणार म्हणून. बशंदीकाका स्वतः उभे आहेत तिथं."

"केवढी काळजी घेता हो," मिदहत म्हणाला. उकडत होतं म्हणून त्यानं टोपी काढली. कुवेतला जाताना त्याच्या डोक्यावर भरगच्च केस होते. आता तिथं तुळतुळीत चकाकी होती.

इन्साफनं भावाच्या डोक्याकडे पाहिलं आणि ओढणी तोंडात कोंबली. हिल्मीला काहीच उमगलं नाही. तो रंगात आला होता. "अरे, एक टकल्या चोर टपून होता गल्लीत. पण मी वरून असा दम भरला की पळता भुई थोडी झाली त्याला."

"हो, ऐकला मी तो दम," मिदहत म्हणाला. त्यानं खिशातून स्कूटरची आपल्याजवळची दुसरी चावी काढून टेबलावर ठेवली. "वर यायच्या आधी एक चक्कर मारावी म्हटलं. दोरी दिसली म्हणून ओढून विचारलं, न विचारता न्यायला मी काय चोर आहे? दोनदा विचारलं, दाजी."

हिल्मीनं चावी उचलून उलटसुलट करून पाहिली.

मिदहतनं बॅगेतून एक डबा काढला. आत कुवेतहून आणलेलं भलंमोठं कुलूप होतं, हात लावला की किंचाळणारं. "स्कूटरीसाठी आणलं होतं," तो बहिणीच्या हातात देत म्हणाला. "पण ताई, हे दाजींच्या तोंडाला लाव."

इन्साफ इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. पाच वर्षांनी भाऊ घरी आला होता, स्कूटर शाबूत होती, आणि तिला सगळं माफ करावंसं वाटत होतं. हिल्मीही हसायच्या बेतात होता, तेवढ्यात पातेलं कोसळलं.

"परत येऊन मीच दोरी बांधली स्कूटरीला पहिल्यासारखी," मिदहत म्हणाला. "सोय चांगली आहे ती."

दोघं हिल्मीकडे पाहत राहिली. हिल्मीनं ओरडायला तोंड उघडलं, कुलपाकडे पाहिलं आणि मिटलं. मग त्यानं मुकाट्यानं चपला घातल्या, गुडघ्यांवर हात ठेवून चार मजले उतरला आणि रोटीवाल्याकडून आणखी दहा रोट्या घेतल्या.